गुडघ्याची वही

ह्यांचा डावा गुडघा म्हणजे हवामान खातं,
असं कोपरखैरण्याचा आमचा अख्खा सेक्टर म्हणतो.
खालची सुलभा पापड वाळत घालण्याआधी हाक मारते,
"काका, आज गुडघा काय म्हणतोय?"
हे गॅलरीत येतात, पाय जरा झटकतात,
पावण्याच्या धुराड्यांकडे बघतात,
"दुपारनंतर ढग आहे."
कधी येतो ढग.
नाही आला तर सुलभा विसरते,
आला तर वर्षभर सांगते.

मार्चअखेर दवाखान्यातल्या मनवा मॅडमनी वही लिहायला सांगितली.
"आजोबा, तीन महिने. दुखलं किती, दहापैकी.
आणि शेजारी हवा."
ह्यांची बोटं गोणीच्या हुकासारखीच वाकलेली,
पेन धरवत नाही,
म्हणून वही माझ्याकडे.
डावा रकाना दुखणं, उजवा आभाळ,
मधली रेघ वीजबिलाच्या कडेनं ओढलेली.

चार एप्रिल. सहा. ढगाळ.
पाच एप्रिल. सहा. लख्ख ऊन.
नऊ. दोन. उकाडा, मांजर फरशीला चिकटून.
अकरा. आठ. खाडीवरून वारा, चिखलाचा वास.
बारा. आठ. वारा नाही, वास नाही,
आभाळ घासलेल्या ताटासारखं.

मग माझ्या लक्षात आलं,
आकडा सांगण्याआधी हे खिडकीकडे बघतात.
दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेच पडदा ओढून घेतला,
वरून जुनी चादर,
आणि अंधारात विचारायची, "किती?"
"अगं, आधी उघड तरी."
"गुडघ्यात आहे ना आभाळ? मग सांगा."
बराच वेळ गप्प.
"पाच."
पाच म्हणजे काहीच बोलायचं नसतं
तेव्हाचा आकडा.

जुलैत मनवा मॅडमनी सगळं संगणकात भरलं.
"कुणाकुणाचं जुळत असेलही, आजोबा,
तुमचं नाही जुळत.
ढगातही तेवढंच, उन्हातही तेवढंच."
हे छताच्या पंख्याकडे बघत राहिले.
"काम काय करायचात?"
"माथाडी. कांदा-बटाटा मार्केट."
"गोणी किती किलोची?"
"पन्नास. कधी साठ."
"दिवसाला किती?"
हे हसले. "मोजायचं काम मुकादमाचं."
तिनं कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार मांडला,
एकतीस वर्षं, महिन्याचे पंचवीस दिवस,
आणि अर्ध्यातच पेनाला टोपण लावलं.

रिक्षात माझ्यावरच चिडले.
"तू अंधार केलास. त्यानं बिघडलं."
मी काही बोलले नाही.
आभाळानं दुखवलं तर दुखवलं,
ते काय एकट्या जोतिराम शेलारावर डूख धरून नाही.
गोणीनं दुखवलं म्हटलं
की गोणीला गाळा असतो, गाळ्याला पाटी,
पाटीवर नाव.
आणि त्या गोणीखाली
पहाटे चारला उठून, चहासुद्धा न घेता,
पाठ आपणच दिलेली असते.

सकाळी सुलभाची हाक,
"काका, गोधड्या भिजवू का?"
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी चादर काढली, पडदा सारला.
"बघा नीट, आणि सांगा तिला."
पाय झटकला. धुराडी पाहिली.
"आज नको."
तीन वाजेपर्यंत रखरखीत ऊन होतं.
साडेतीनला चार थेंब पडले,
सुलभा ते दिवाळीपर्यंत पुरवेल.

वहीची शेवटची पानं कोरी राहिलीत.
काल भाकऱ्या झाल्यावर
पीठ पुसून पेन्सिल घेतली.
डाव्या रकान्यात लिहिलं,
माझा अंगठा, उजव्या हाताचा. सात.
उजव्या रकान्यापाशी थांबले.
खिडकी उघडीच होती.
मी बघितलं नाही.